चाहत्यांचे जग, इंटरनेटवरील स्वातंत्र्य आणि नावाचा प्रश्न

२ सप्टेंबर २०१२ रोजी शिकागोमध्ये जागतिक विज्ञानकथा संमेलनातील ह्यूगो पुरस्कारांचा सोहळा सुरू होता आणि ज्या चाहत्यांना तिथे जाणे शक्य नव्हते ते युस्ट्रीम या संकेतस्थळावर त्याचे थेट प्रक्षेपण पाहत होते. दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागाला पुरस्कार जाहीर झाला, त्यातली काही दृश्ये सभागृहात दाखवण्यात आली, पटकथाकार आभाराचे भाषण करू लागला आणि प्रक्षेपण मध्येच तुटले. कॉपीराइटचा भंग झाल्यामुळे हे प्रक्षेपण बंद करण्यात आले आहे, एवढीच सूचना प्रेक्षकांना दिसली. वास्तविक ती दृश्ये दाखवण्यासाठी निर्मात्यांनीच पुरवली होती. कोणा माणसाने ती पाहून आक्षेप घेतला नव्हता. संरक्षित चित्रफितींशी जुळणारा मजकूर आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने हा निर्णय घेतला होता आणि संकेतस्थळाच्या कर्मचाऱ्यांना तो त्या रात्री वेळेत मागे घेता आला नाही. कंपनीने नंतर माफी मागितली.

इंटरनेटवरील स्वातंत्र्याचा विचार करताना आपल्या मनात बहुधा सरकार येते. सरकार संकेतस्थळे बंद करते, जोडणी तोडते, लिहिणाऱ्याला अटक करते, आणि हे सारे गंभीरच आहे. जुलै २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने ठराव करून सांगितले की, माणसाला इंटरनेटबाहेर जे हक्क आहेत तेच इंटरनेटवरही जपले गेले पाहिजेत. पण शिकागोच्या त्या रात्री कोणत्याही सरकारने काहीही केले नव्हते. सामान्य माणसाच्या वाट्याला येणारे बरेचसे निर्बंध असेच असतात: ते कायद्याच्या थेट आदेशाने येत नाहीत, कायद्याच्या धास्तीने वागणाऱ्या मध्यस्थाकडून येतात. म्हणून हा मध्यस्थ कोण आणि तो कशाला घाबरतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

आपण इंटरनेटवर काहीही मांडतो तेव्हा ते कोणाच्या तरी सर्व्हरवर साठवले जाते. जागा देणारी कंपनी, जोडणी पुरवणारी कंपनी, शोधयंत्र, व्हिडिओचे संकेतस्थळ हे सगळे कायद्याच्या भाषेत मध्यस्थ होत. पत्रात शिवीगाळ असली तर शिक्षा लिहिणाऱ्याला व्हावी, पोस्टमनला नव्हे, हे आपल्याला सहज पटते; परंतु इंटरनेटवरचा मध्यस्थ पत्र नुसते पोहोचवत नाही, तो ते साठवतो, क्रमाने लावतो, कधी काढून टाकतो, आणि त्यामुळे त्याची जबाबदारी किती, हा प्रश्न अवघड होऊन बसतो. अमेरिकेत १९९१ साली एका न्यायालयाने म्हटले की, मजकूर न तपासता पुढे पाठवणारी कंपनी बदनामीला जबाबदार नाही. १९९५ साली न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयाने दुसऱ्या एका कंपनीला मात्र जबाबदार धरले, कारण ती आक्षेपार्ह मजकूर काढण्याचा प्रयत्न करत होती. म्हणजे जो काहीच पाहत नाही तो सुरक्षित आणि जो थोडीफार स्वच्छता राखू पाहतो तो अडचणीत, असा विचित्र निष्कर्ष निघाला. तो दूर करण्यासाठी १९९६ च्या दूरसंचार कायद्यात कलम २३० आले. इतरांनी लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशक मध्यस्थाला मानले जाणार नाही आणि त्याने सद्हेतूने काही काढून टाकले म्हणूनही त्याला दोषी धरले जाणार नाही, असा त्याचा आशय आहे.

हे संरक्षण नसते तर चाहत्यांची संकेतस्थळे उभीच राहिली नसती, असे माझे ठाम मत आहे. आवडत्या कथेतील पात्रे घेऊन हजारो अनोळखी माणसांनी लिहिलेल्या नव्या कथा, चित्रे, चर्चा आणि भांडणे यांतील प्रत्येक शब्दाची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेऊन कोणताही हौशी माणूस सर्व्हर चालवायला धजला नसता.

मात्र या संरक्षणाला एक मोठा अपवाद आहे, आणि चाहत्यांना नेमका तोच लागू होतो. कॉपीराइटचे दावे कलम २३० मध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी १९९८ साली डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा झाला आणि मोठी संकेतस्थळे बहुतेक अमेरिकेत असल्याने जगभरातील चाहत्यांना त्याच्या चौकटीत वावरावे लागते. त्याची पद्धत अशी: हक्कधारक मध्यस्थाला नोटीस पाठवतो, मध्यस्थ तातडीने मजकूर काढतो आणि त्या बदल्यात स्वतःच्या जबाबदारीतून मोकळा होतो. मजकूर खरोखर बेकायदा आहे का, हे न्यायालयाने ठरवण्यापूर्वीच तो गेलेला असतो. ज्याचा मजकूर गेला त्याला प्रति-नोटीस देता येते. ती दिल्यावर हक्कधारकाने दावा दाखल केला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत ठेवला जातो.

कागदावर ही व्यवस्था समतोल दिसते. अडचण तपशिलात आहे. प्रति-नोटीस देणाऱ्याला आपले खरे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा लागतो, न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते, आणि ती प्रति-नोटीस तक्रारदाराकडे जाते. आता टोपणनावाने कथा लिहिणाऱ्या एखाद्या शिक्षिकेचा विचार करा. तिची कथा चुकीच्या तक्रारीमुळे काढली गेली, कायदा तिच्या बाजूने असण्याची चांगली शक्यता आहे, आणि तरीही ती गप्प बसते. हक्क वापरायचा तर कोण्या अनोळखी तक्रारदाराच्या हाती घरचा पत्ता द्यावा लागतो, आणि आपण काय लिहितो हे शाळेत, सासरी किंवा शेजारी कळण्याची जोखीम घ्यावी लागते. बोलायला बंदी नसते. बोलण्याची किंमत म्हणून खाजगी आयुष्य मागितले जाते. इंटरनेटवरील स्वातंत्र्य आणि खाजगीपण हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात, पण या एका अर्जात ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की, एकाला सोडून दुसरे राखता येत नाही.

मग चाहत्यांनी लिहिलेले कायदेशीर असते का? सरसकट उत्तर देता येत नाही. अमेरिकी कायद्यात ‘न्याय्य वापर’ नावाचे तत्त्व आहे. वापराचा हेतू काय, मूळ कृती कोणत्या प्रकारची, तिच्यातील किती भाग घेतला आणि त्यामुळे तिच्या बाजारपेठेवर काय परिणाम झाला, असे चार निकष त्यात तपासले जातात. १९९४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका विडंबनगीताच्या खटल्यात सांगितले की, नव्या कृतीने मूळ कृतीत नवा अर्थ किंवा नवा आशय घातला असेल, तर ती गोष्ट तिच्या बाजूने महत्त्वाची ठरते. २००७ साली एका आईने आपल्या लहान मुलाच्या नाचाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. मागे गाणे वाजत होते म्हणून तो काढायला लावण्यात आला. ती न्यायालयात गेली आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की, नोटीस पाठवण्यापूर्वी हक्कधारकाने न्याय्य वापराचा विचार केलाच पाहिजे. घरातल्या नाचाच्या २९ सेकंदांसाठी एवढी वर्षे लढण्याची तयारी असलेली माणसे मोजकीच असतात. आपोआप चालणाऱ्या यंत्रणेला तर संदर्भ कळतच नाही. ती आकृती आणि आवाज जुळतात का, एवढेच पाहते. परवानगी, विडंबन, समीक्षा किंवा पुरस्कार सोहळा यांची तिला कल्पना नसते. युरोपीय संघाने २०१९ साली कॉपीराइट निर्देश मंजूर केला तेव्हा त्यातील कलम १७ वर एवढा वाद झाला तो यामुळेच. मोठ्या संकेतस्थळांवर जबाबदारी टाकली की ती सगळा मजकूर आधीच गाळू लागतील, ही भीती त्यामागे होती.

जपानने याच पेचातून वेगळी वाट काढली आहे आणि तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत कॉमिकेट हा चाहत्यांचा बाजार पहिल्यांदा भरला, तेव्हा ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे आली होती; आज वर्षातून दोनदा भरणाऱ्या या मेळ्याला लाखो लोक येतात. तिथे विकल्या जाणाऱ्या अनेक पुस्तिका प्रसिद्ध पात्रांवर बेतलेल्या असतात आणि अक्षरशः पाहिले तर त्यांतील बऱ्याच कॉपीराइटच्या कचाट्यात सापडतील. पण जपानमध्ये या गुन्ह्याबद्दल खटला चालवण्यासाठी साधारणपणे हक्कधारकाची तक्रार लागते आणि बहुतेक प्रकाशक ती करत नाहीत, कारण आजचा हौशी चित्रकार उद्याचा व्यावसायिक असतो आणि चाहत्यांचा उत्साह मूळ कृतीलाही जिवंत ठेवतो. आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या निमित्ताने तक्रारीची ही अट काढण्याची वेळ आली, तेव्हा चाहते आणि चित्रकार दोघेही अस्वस्थ झाले. डिसेंबर २०१८ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीत ती अट काढली गेली खरी, परंतु ती मूळ कृती जशीच्या तशी वापरून नफा कमावणाऱ्या आणि हक्कधारकाचे अवाजवी नुकसान करणाऱ्या चोरीपुरतीच. चाहत्यांच्या पुस्तिका त्या कक्षेबाहेर राहिल्या. कायदा करताना चाहत्यांचे जग डोळ्यांसमोर ठेवले गेले, अशी उदाहरणे फार नाहीत.

आता नावाकडे वळू. इंटरनेटवरील गैरवर्तन थांबवण्याचा सोपा उपाय म्हणून खऱ्या नावाची सक्ती पुन्हा पुन्हा सुचवली जाते. दक्षिण कोरियाने तो करून पाहिला. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांची ओळख पटवणे तिथे बंधनकारक झाले. जुलै २०११ मध्ये एका मोठ्या इंटरनेट कंपनीवर हल्ला होऊन सुमारे साडेतीन कोटी सदस्यांची माहिती चोरीला गेली, म्हणजे देशातील बहुसंख्य माणसांची. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने हा कायदा एकमताने रद्द केला. त्याने अभिव्यक्तीवर बंधन आले, पण बेकायदा मजकूर लक्षणीय प्रमाणात घटल्याचे दिसले नाही, असा त्यामागचा विचार होता. एकाच ठिकाणी जमवलेली ओळख हीच चोरीला आमंत्रण ठरते, हा धडा त्या देशाने महागात घेतला.

टोपणनावाच्या बाजूने बोलताना मला नेहमी एक आक्षेप ऐकावा लागतो: ज्याला लपवायचे काही नाही, त्याला नावाची भीती कशाला? हा आक्षेप घेणाऱ्याने बहुधा कधी आपल्या दोन जगांची टक्कर अनुभवलेली नसते. एखादा माणूस कार्यालयात हिशेब तपासतो, घरी आजारी वडिलांची सेवा करतो आणि रात्री अंतराळयानांच्या कथा लिहितो. यांतले काहीच लाजिरवाणे नाही, तरी प्रत्येक जागी तो वेगळ्या शब्दांत बोलतो आणि त्याचा त्याला हक्क आहे. शिवाय वर्षानुवर्षे वापरलेले टोपणनाव मुखवटा राहत नाही. त्या नावाला प्रतिष्ठा असते, मैत्री असते, जबाबदारी असते; त्या नावाने केलेली चूक त्याच नावाला भोवते. निनावी असणे आणि टोपणनावाने असणे यांतला हा फरक कायदे करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवा. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निनावी पत्रके वाटण्याचा हक्क मान्य केला तो बहुसंख्याकांच्या दडपणापासून माणसाला आडोसा मिळावा म्हणून, आणि चाहत्यांच्या लेखनालाही अगदी तोच आडोसा लागतो.

संमेलनात हा आडोसा काही तासांसाठी स्वेच्छेने दूर केला जातो. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे लिहून बोललो ती माणसे समोर येतात, आवाज ऐकू येतो, आणि ज्याला आपण वयस्क समजत होतो तो विद्यार्थी निघतो. हा आनंद कोणत्याही पडद्यावर मिळत नाही. अनेक संमेलनांत नोंदणी खऱ्या नावाने होते, पण गळ्यातल्या बिल्ल्यावर हवे ते नाव छापून मिळते. या साध्या सोयीत मला फार मोठे शहाणपण दिसते, कारण व्यवस्थेला कोण आले आहे हे माहीत असते आणि गर्दीला ते माहीत असण्याची गरज नसते. अलीकडे मोठ्या संमेलनांच्या बिल्ल्यांत आरएफआयडी चिप, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारी छोटी चकती, असते. त्यामुळे बनावट बिल्ले रोखता येतात, पण कोण कधी आत आले आणि कधी बाहेर पडले याची नोंदही तयार होते. ती किती काळ ठेवली जाते, हा प्रश्न आयोजकांना विचारायलाच हवा.

छायाचित्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आवडत्या पात्राचा वेश करून आलेल्या माणसाला म्हणजेच कॉस्प्ले करणाऱ्याला पाहिले जावे असे वाटते, हे खरे. पण पाहिले जाण्याची इच्छा म्हणजे कोणत्याही प्रकारच्या छायाचित्राला, स्पर्शाला किंवा इंटरनेटवरील प्रसिद्धीला दिलेली संमती नव्हे. २०१४ मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉन या चित्रकथांच्या चाहत्यांच्या संमेलनाने हेच ठळक फलकांवर लिहून प्रवेशद्वाराजवळ लावले. चेहरा ओळखणारी साधने आता सहज उपलब्ध असल्याने, वेशातील छायाचित्रावरून खऱ्या नावापर्यंत पोहोचणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. छायाचित्र काढताना विचारावे, आणि टाकताना कोणत्या नावाने टाकू हेही विचारावे.

संमेलने स्वतः नेहमीच स्वातंत्र्याची बाजू घेतात, असेही नाही. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा सुमारे २०० माणसे जमली आणि आयोजकांनी आपल्याशी मतभेद असलेल्या सहा चाहत्यांना दारातच अडवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हेच संमेलन चीनमधील चेंगडू येथे झाले. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या ह्यूगो पुरस्कारांच्या मतांची आकडेवारी प्रसिद्ध झाली, तेव्हा पुरेशी नामांकने मिळूनही काही लेखक आणि कृती कोणतेही कारण न देता अपात्र ठरवल्याचे उघड झाले. पुढच्याच महिन्यात बाहेर आलेल्या ई-मेलमधून कळले की, पुरस्कारांचे काम पाहणाऱ्या पाश्चात्त्य स्वयंसेवकांनी नामांकित व्यक्तींचे जुने लेखन, समाजमाध्यमांवरील मते आणि प्रवासही धुंडाळून चीनच्या दृष्टीने अडचणीचे काय सापडते याच्या टिपणी तयार केल्या होत्या. एका चाहत्या-लेखकाने तिबेटला भेट दिल्याची नोंद त्यांत होती; प्रत्यक्षात तो नेपाळला गेला होता.

हा प्रसंग मला या साऱ्या विषयातला सर्वांत क्लेशदायक वाटतो. त्या ई-मेलमध्ये दिसते ती सरकारी आदेशाची अंमलबजावणी नाही. काय आवडणार नाही याचा अंदाज बांधून माणसांनी आपल्याच सोबत्यांची झडती घेतली, आणि तीही चुकीची. मध्यस्थ कायद्याच्या धास्तीने जसा गरजेपेक्षा जास्त मजकूर काढतो, तसेच हे झाले, फक्त इथे मध्यस्थाच्या जागी चाहते होते. आणि झडतीसाठी वापरले गेले ते सगळे त्या माणसांनी मोकळेपणाने, आपल्या आयुष्याबद्दल, मित्रांसाठी लिहिलेले होते.

चाहत्यांनी यावर शोधलेले सर्वांत ठोस उत्तर एका जुन्या आघातातून आले आहे. मे २००७ मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळाने एका दबावगटाच्या तक्रारीनंतर सुमारे ५०० खाती एकाएकी बंद केली. त्यांत चाहत्यांचे लेखन होते, साहित्यचर्चा होती आणि अत्याचारातून सावरणाऱ्या माणसांचे आधारगटही होते. कंपनीने माफी मागून अनेक खाती परत सुरू केली. तरी दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपण भाडेकरू आहोत, हे चाहत्यांना कळून चुकले. त्याच वर्षी त्यांनी ना-नफा संस्था स्थापन केली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे कथांचे संग्रहालय सर्वांसाठी खुले झाले. तिथे जाहिराती नाहीत, सर्व्हर देणग्यांतून घेतलेले आहेत, काम स्वयंसेवक करतात आणि चुकीच्या तक्रारींविरुद्ध सल्ला द्यायला संस्थेचे स्वतःचे वकील आहेत. २०१९ मध्ये या संग्रहालयाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. अर्थात यामुळेही सारे प्रश्न सुटले नाहीत. २०२० पासून चीनमध्ये हे संकेतस्थळ बंद आहे.

या संग्रहालयाच्या दोन सोयी खाजगी आयुष्याशी थेट भिडतात, म्हणून त्या सांगतो. पहिली अशी की, लेखकाला आपली कथा न पुसता तिच्यावरचे आपले नाव कायमचे काढता येते. नोकरी बदलली, घरची परिस्थिती बदलली, त्या नावाशी संबंध नको झाला, तरी वाचकांची कथा वाचकांजवळ राहते आणि लेखक मोकळा होतो. दुसरी सोय मृत्यूची किंवा गंभीर आजारपणाची आहे. टोपणनावाने लिहिणाऱ्याच्या खऱ्या नातेवाइकांना त्या लेखनाची अनेकदा कल्पनाही नसते आणि ते त्यांच्या हाती पडावे अशी लेखकाची इच्छा असेलच असे नाही. म्हणून सदस्य आपल्या ओळखीच्या दुसऱ्या सदस्याला चाहत्यांच्या जगातील आपला वारस नेमू शकतो. दोघांची संमती घेऊन तशी नोंद होते, आणि वेळ आली की तो वारस खाते सांभाळतो, कथा राहू द्यायच्या की काढायच्या ते लेखकाच्या इच्छेप्रमाणे ठरवतो. त्यासाठी लेखकाने आपली इच्छा त्या माणसाला आधी स्पष्ट सांगून ठेवलेली असावी लागते, आणि तेवढे काम कोणत्याही संकेतस्थळाला आपल्यासाठी करता येत नाही.